रूटचा पासवर्ड वाटू नका, कामं वाटा: सुडोचे नियम लिहिताना

लिनक्स सर्व्हरवर पाच ॲडमिन आणि पाचांनाही रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, एकच पासवर्ड पाठ! रात्री कोणी काय उडवलं हे मग लॉगलाही (सर्व्हरच्या नोंदवहीलाही) सांगता येत नाही, कारण त्याच्या लेखी सगळे रूटच. फेरायोलो आणि कून या संशोधकांनी १९९२ मध्ये मांडलेला विचार साधा आहे: अधिकार माणसाला नाही, भूमिकेला द्यायचा आणि माणूस त्या भूमिकेवर नेमायचा. लिनक्सवर हे सुडोने जमतं: रूटचा पासवर्ड न देता ठरावीक कमांड रूटच्या अधिकाराने चालवू देणारी ही सोय.

आधी कागदावर कामांची यादी करा. माणसांची नको. बॅकअप घेणं, वेब सर्व्हर रीस्टार्ट करणं, पासवर्ड बदलून देणं, लॉग तपासणं. प्रत्येक कामाचा एक गट बनवा आणि माणसं गटात टाका. यूझरमॉड या खातं बदलायच्या कमांडने टाकताना 'जोडा'चा पर्याय विसरलात, तर त्या माणसाचे बाकीचे जादा गट उडतात.

नियमांची फाइल 'सुडोअर्स डॉट डी' या फोल्डरमध्ये, प्रत्येक भूमिकेची वेगळी आणि फक्त विसुडोनेच (नियम तपासून जतन करणाऱ्या कमांडने) उघडायची. तोवर दुसऱ्या खिडकीत रूटचं सेशन चालू ठेवा, म्हणजे नियम चुकला तरी दुरुस्त करता येईल. फाइलच्या नावात टिंब नको. टिंब असलेली फाइल सुडो गुपचूप वगळतो. माझी एक अख्खी दुपार त्या टिंबाने खाल्ली आहे.

आता खरी मेख. कोणत्या भूमिकेला नेमकी कोणती कमांड द्यायची?

मी पहिल्यांदा लॉग वाचणाऱ्यांना सुडोतून लेस दिलं होतं, म्हणजे फाइल पानापानाने दाखवणारा पेजर. नुसतं वाचायचंच तर आहे, म्हटलं. नवीन आलेल्या मुलाने माझ्यासमोर लॉग उघडला, उद्गारचिन्ह आणि शेलचं (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचं) नाव टाइप केलं, आणि तो रूट झाला! अर्धा मिनिटही लागला नाही. व्हीआय या एडिटरमधूनही हेच होतं. म्हणून एडिटर किंवा पेजर सुडोतून कोणालाही देऊ नका. एखादी फाइल बदलायचीच असेल तर त्या एका फाइलपुरतं सुडोएडिट (सुडोचीच फाइल बदलायची सोय) द्या. त्यात एडिटर त्या माणसाच्याच नावाने चालतो. लॉग वाचायला तर बहुतेक वेळा सुडो लागतच नाही. डेबियन, उबुंटूवर एडीएम या लॉग वाचणाऱ्यांच्या तयार गटात टाकलं की काम झालं.

दुसरा सापळा ताऱ्याचा, म्हणजे 'काहीही चालेल' सांगणाऱ्या * या चिन्हाचा. 'लॉगच्या फोल्डरमधलं काहीही कॅटने (फाइल दाखवणाऱ्या कमांडने) वाचू दे' असं तारा टाकून लिहिलंत, तर तो तारा स्लॅशही गिळतो आणि मोकळी जागाही. एका लॉगच्या नावापुढे शॅडो फाइलचं नाव जोडलं की तिथे सांकेतिक रूपात ठेवलेले पासवर्ड, म्हणजे त्यांचे हॅश, समोर हजर. कमांड पूर्ण लिहा, आर्ग्युमेंटसकट (तिच्यापुढच्या शब्दांसकट): वेब सर्व्हर रीस्टार्ट करायला 'सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एंजिनएक्स', एवढंच. सिस्टिमसीटीएलपुढे तारा टाकलात तर त्यातला एडिट हा पर्याय रूटच्या अधिकाराने एडिटर उघडून देतो.

तिसरा, 'सगळं चालेल, फक्त एवढं नको' हा उलटा नियम. इंटरनेटवर हा सल्ला अजून फिरतो आणि तो वाचला की माझं डोकं फिरतं. बंदी घातलेल्या कमांडची प्रत दुसऱ्या नावाने केली की बंदी संपली. जे चालेल तेवढंच लिहा.

पासवर्ड बदलून देणाऱ्या भूमिकेचंही तेच. नुसती पासडब्ल्यूडी ही पासवर्ड बदलायची कमांड आर्ग्युमेंटशिवाय लिहिली तर तिला कोणतंही आर्ग्युमेंट चालतं, म्हणजे रूटचा पासवर्डसुद्धा बदलता येतो. इथे मी एक छोटी स्क्रिप्ट लिहितो, ती ठरावीक खात्यांपलीकडे जातच नाही. स्क्रिप्ट आणि तिचं फोल्डर दोन्ही रूटच्या मालकीचं हवं. भूमिकेतल्या माणसाला ती बदलता येत असेल, तर तुम्ही त्याला रूटच दिलंत.

मग विसुडोची तपासणी चालवा, सुडोच्या एल पर्यायाने प्रत्येक खात्याची यादी बघा, आणि त्या खात्याने लॉगिन करून नको ती कामं करून पाहा. नकार आला पाहिजे. सुडोचे लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा आणि ते तपासणारा माणूस या ॲडमिनपैकी नसावा.

कोणी नोकरी सोडली की गटातून नाव काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. आधीपासून चालू असलेल्या सेशनमध्ये जुना गट तसाच राहतो, तेव्हा त्याची सेशनंही तिथल्या तिथे बंद करा.