'बॅटल ब्रदर्स': पहिल्या महिन्यात तुकडी बुडू नये म्हणून

चवथीच्या सुट्टीत 'बॅटल ब्रदर्स' उतरवून घेतला आणि दहाव्या दिवसापर्यंत सगळी माणसे मारून बसले, अशांसाठी हे टिपण. हॅम्बुर्गच्या ओव्हरहाइप स्टुडिओजचा हा संगणकावरचा, पाळीपाळीने लढायचा खेळ 2017 मध्ये पूर्ण स्वरूपात आला. भाडोत्री शिपायांची तुकडी बाळगायची, गावोगावची कामे घ्यायची, पगार द्यायचे, पोट भरायचे. खेळ द्विमितीय असल्यामुळे साध्या लॅपटॉपवर चालतो आणि खेळायला नेट लागत नाही, म्हणजे सत्तरीत रेंज नसलेल्या घरीही अडत नाही. अडते ते विजेवर. लढाई सुरू झाली की मध्ये सेव्ह करता येत नाही. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा शत्रूच्या झेंड्याजवळ जाण्याआधी एफ-5 दाबायची सवय लावा. पहिल्या खेपेला आयर्नमॅन (मागच्या सेव्हवर परतता न येणारा प्रकार) नको आणि अडचण-पातळ्या बिगिनरवरच ठेवा. बिगिनर सोपा असतो अशा भ्रमात मात्र राहू नका.

नवा खेळाडू हमखास चांगल्या तलवारीवर पैसे घालवतो. या खेळात माणूस जगतो तो चिलखतावर. सुरुवातीचे क्राउन (खेळातले पैसे) हातात आले की आधी माणसे सहापर्यंत न्या, प्रत्येकाला ढाल आणि भाला द्या, आणि उरलेल्या पैशात डोक्याला काहीतरी घ्या. भाला स्वस्त मिळतो आणि नेम लागण्याची शक्यता 20 टक्क्यांनी वाढवतो, त्यामुळे पहिल्या पातळीच्या अडाण्याच्या हातीही तो कामाला येतो. नुकसान कमी करतो हे खरे, पण चुकलेल्या कुऱ्हाडीपेक्षा लागलेला भाला बरा.

माणसे घेताना शेतमजूर, दांडगट आणि मिलिशियातले (गावरक्षक) लोक परवडतात. भिकारी, लंगडे स्वस्त पडतात खरे, पण त्यांचे चिलखत त्यांच्या पगारापेक्षा महाग होते. गुणांच्या आकड्यांशेजारी तारे असतात तेही पाहा, तारा असलेला गुण जास्त वाढतो. 'मेली स्किल' (जवळून वार करण्याचे कसब) आणि 'मेली डिफेन्स' (जवळच्या वारापासून बचाव) यांवर तारे असलेला माणूस थोडा महाग असला तरी सोडू नये. पातळी वाढली की आठपैकी तीन गुण वाढवता येतात. आघाडीच्या माणसाला हे दोन दरवेळी घ्यायचेच, तिसऱ्या जागी कधी दम म्हणजे 'फटीग', कधी 'हिटपॉइंट' म्हणजे जीव. सगळ्यात थोडे थोडे वाटून घेणारा माणूस अकराव्या पातळीला कशातच पुरा पडत नाही. 'स्टुडंट' हा पर्क (पातळी वाढल्यावर निवडायचे खास कौशल्य) घ्यायला कचरू नका, अकराव्या पातळीला त्याचा पॉइंट परत मिळतो.

आता मुख्य गोष्ट. दुकानातले चांगले चिलखत पहिल्या महिन्यात परवडत नाही. ते शत्रूच्या अंगावरून उतरवायचे असते. साध्या 'थग' लुटारूंच्या अंगावर चिंध्या असतात, पण 'रेडर' लोकांकडे जाळीदार चिलखते दिसतात. कुऱ्हाड नि हातोड्याने त्याला मारलात तर चिलखताचा चुरा होतो आणि लुटीत काही उरत नाही. त्यासाठी खंजीर लागतो. खंजिराचा 'पंक्चर' हा वार चिलखताला पूर्ण वगळून थेट शरीराला लागतो. नेम मात्र 15 टक्क्यांनी कमी होतो आणि दमही बराच जातो.

म्हणून तीन-चार माणसांच्या पिशवीत एकेक खंजीर ठेवून द्या. लढाई रोजच्यासारखीच सुरू करा: आधी धनुष्यवाले, मग उघड्या अंगाचे. चांगल्या चिलखताचा माणूस सगळ्यात शेवटी. तोवर त्याच्यासमोर ढालीवाला उभा करून 'शील्डवॉल' (ढालीआड बचाव वाढवायची चाल) लावून ठेवा. बाकीचे पडत आले की त्याला घेरायला घ्या. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. साथीदार मेले की शत्रूचे धैर्य खचते, तो पळतो, आणि चिलखतही त्याच्याबरोबर जाते. तेव्हा शेवटून दुसरा शत्रू मारण्याआधीच या माणसाच्या (मैदान षटकोनी घरांचे असते) सहापैकी निदान चार-पाच बाजू अडवलेल्या हव्यात. घेरल्याचा दुसरा फायदा असा की पहिल्यानंतरच्या प्रत्येक माणसामागे नेम 5 टक्क्यांनी वाढतो. पाच जण उभे असतील तर 20 टक्के, म्हणजे पंक्चरची तूट भरून निघते. त्याच्याकडे ढाल असेल तर आधी कुऱ्हाडीने ती फोडा. वार ढालीवरच जातो, चिलखताला धक्का लागत नाही. जाळे असेल तर टाका, बचाव आणखी खाली येतो.

हत्यार बदलायला 4 अ‍ॅक्शन पॉइंट (पाळीत काही करायला लागणारे गुण) जातात, एका वाराला 4, आणि पाळीला मिळतात 9. म्हणजे बदललेल्या पाळीतच एक वार निघतो, पुढच्या पाळीपासून दोन. जागा बदलायला मात्र काही उरत नाही, त्यामुळे आधी जागेवर पोहोचा आणि खंजीर पुढच्या पाळीत काढा. साध्या खंजिराचे तीन-चार वार बसले की रेडर पडतो. दमलेल्या माणसाला हे जमणार नाही. पाळीला 15 फटीग भरून येतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात ज्यांची गरज नाही त्यांनी उगाच वार करू नयेत. खंजीरवाल्यांना एखादी पाळी नुसते उभे ठेवले तरी चालते.

मिळालेले चिलखत फाटके असेल तर साठ्यात ऑल्ट धरून राइट-क्लिक करा, ते दुरुस्तीला लागते. अवजारांचा एक नग 15 गुणांची दुरुस्ती करतो. म्हणून अवजारे संपली असताना पुढचे काम घेऊ नका. अर्ध्या चिलखतानिशी गेलेली तुकडी दुसऱ्या लढाईत मोडते, आणि खेळाडूला वाटते नशीब फिरले. औषधाचा नग प्रत्येक जखमेला रोज एक लागतो. हिटपॉइंट आपोआप भरतात, त्याला औषध नको.

पोटाचा हिशेब सोपा आहे: माणशी रोज 2. किनाऱ्यावरच्या गावात जवळपास मासेमारीच्या झोपड्या असतील तर सुके मासे स्वस्त मिळतात. गोंयकाराला हे शिकवायला नको, पण डोंगराळ भागात निघण्याआधी पिशवी तिथेच भरून घ्या. निदान आठवड्याचा पगार कायम शिल्लक ठेवा. पगार चुकला की माणसे नाराज होतात आणि एके सकाळी सोडून जातात. 

कामावर कवट्यांची खूण असते, जितक्या जास्त तितके काम अवघड. एक कवटीच्या कामांनी सुरुवात करा. तीन कवट्यांचे काम पैशाच्या मोहाने घेऊ नका. गॉब्लिन (बुटके राक्षस) दिसले तर पहिल्या महिन्यात वाट वाकडी करा: जाळी, विषारी बाण आणि शामनची (त्यांच्या मांत्रिकाची) पाय अडकवणारी मुळे, यांवर नव्या तुकडीकडे उत्तर नसते. ऑर्कांचेही (दांडग्या राक्षसांचेही) तेच, पोरसवदा ऑर्क धावत येऊन रांग मोडतो. काम अर्धवट सोडले तर गावाशी संबंध बिघडतात, पण ते पुन्हा सुधारता येतात.

बाकी रांग कशी लावायची याचे फार अवडंबर नको. पुढे ढाली, मागे दोन घरांपर्यंत पोहोचणारी लांब दांड्याची हत्यारे. उंचावर उभे राहा, नेमात 10 टक्क्यांचा फरक पडतो. दलदलीत पाय ठेवू नका, तिथे वार आणि बचाव दोन्ही घसरतात. शत्रूला तिथे उभे राहू द्या. समोर धनुर्धारी जास्त असतील तर रात्री गाठा, त्यांचा नेम बिघडतो. नेम 95 टक्क्यांच्या वर आणि 5 च्या खाली कधी जात नाही, म्हणून 'हा वार लागला की सुटलो' अशा जागी माणूस उभाच करू नका.

लढाईत जास्तीत जास्त 12 उतरतात, तुकडीत 20 ठेवता येतात. बारा पूर्ण झाले की दोन-तीन जास्तीचे घ्या, कारण पाय मोडलेला माणूस जखम भरेपर्यंत मैदानात अडगळच असतो. या जादा माणसांना जुनी, दुरुस्त केलेली चिलखते द्या. विकून फार थोडे क्राउन येतात.