बोकडाचे कातडे हिरड्यात कमावून जाकीट कसे करावे

गोव्यात हे काम दिवाळीनंतरच हाती घ्यावे. पावसाळ्यात कातडे वाळण्याआधी सडते. परवानाधारक खाटकाकडून ताजे कातडे आणा आणि त्याच दिवशी आतल्या बाजूला त्याच्या निम्म्या वजनाचे जाडे मीठ चोळा. दोन दिवसांनी धुऊन रात्रभर भिजत घाला.

मग हातमोजे आणि चष्मा लावून प्लॅस्टिकच्या पिंपात विझवलेला चुना पातळ कालवा. त्यात कातडे बुडवून रोज दोनदा हलवा. आठवडाभरात केस चिमटीने सहज निघू लागतात. तेव्हा कातडे गोल ओंडक्यावर पसरून बोथट सुरीने केस काढा, उलटून मांस-चरबी खरवडा. भरपूर पाण्यात धुवा आणि कोंड्याच्या आंबवलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा. आत चुना राहिला तर चामडे ठिसूळ होते. चुन्याचे पाणी विहिरीजवळ किंवा ओहोळात ओतू नका.

आता कमावणे. सुके हिरडे कुटून पाण्यात दोन दिवस भिजवा. लोखंडी भांडे नको, टॅनिनमुळे, म्हणजे कातडे कमावणाऱ्या तुरट द्रव्यामुळे, काळे डाग पडतात. माट्टी, म्हणजे ऐन, त्याच्या सालीतही टॅनिन असते. पण उभ्या झाडाची साल कृपा करून सोलू नका, तोडलेल्या लाकडाची घ्या.

या पाण्यात कातडे बुडवायचे, पण पहिले पाणी कोऱ्या चहासारखे फिकट हवे. घाई करून दाट काढा घेतला तर वरचा थर लगेच आवळतो, टॅनिन आत शिरत नाही आणि मधला भाग कच्चाच राहतो. म्हणून दर तीन-चार दिवसांनी काढा थोडा दाट करा. महाराष्ट्रात ढोर समाजाचे कारागीर कातड्याची पिशवी शिवून तिच्यातच सालीचा काढा भरत. तो आतून बाहेर झिरपत जाई. किती जाणती युक्ती! दोन-तीन आठवड्यांनी कडेचा तुकडा कापून पाहा. रंग आरपार एकसारखा दिसला तर झाले, मध्ये फिकट रेघ असेल तर परत काढ्यात.

धुऊन सावलीत ओलसर होईपर्यंत ठेवा आणि कोमट खोबरेल चोळा. मग वाळेपर्यंत फळीच्या गुळगुळीत कडेवरून पुन्हापुन्हा ओढा. अंगात घालायचे चामडे मऊ होते ते याच मेहनतीने, तेव्हा इथे कंटाळा करू नका.

कापताना पाठीकडचा घट्ट भाग जाकिटाच्या पुढल्या-मागल्या पानांना वापरा. पोटाकडचा भाग वापरताना सैल पडतो, त्याचे खिसे करा.