कॉमिक कॉनमधली स्वस्त ॲक्शन फिगर: भाव नंतर करा, आधी घोटे बघा

‘शेवटच्या दिवशी संध्याकाळी जा, सगळं अर्ध्या किमतीत मिळतं.’ कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सुपरहिरोंच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, ॲक्शन फिगर (सांधे हलवता येणारी पात्राची बाहुली) घ्यायला निघालात की कोणीतरी हे सांगतंच. सांगणाऱ्याचा बहुतेक स्वतःचाच स्टॉल असतो. संध्याकाळी भाव उतरतात, पण तोवर उरतो हात हरवलेला स्पायडरमॅन. मी पहिल्या दिवशी सकाळी नुसता बघून येतो आणि शेवटच्या दिवशी दुपारी, स्टॉलवाले जेवणाचा डबा उघडतात तेव्हा, घ्यायला जातो. नागपुरातला एका हॉलमधला छोटा मेळावा असो की मुंबई-हैदराबादचा मोठा कॉमिक कॉन, वेळ हीच.

यादी, सुटे पैसे, सॅक, फोनमध्ये त्या फिगरचे कंपनीचे फोटो. झालं.

सीलबंद नव्या डब्यांवर घासाघीस करू नका. आयात खेळण्यांवरचं शुल्क 2020मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं, 2023मध्ये 70. विक्रेत्याच्या हातात सोडण्यासारखं फारसं काही उरत नाही. म्हणूनच नवीकोरी जपानी फिगर कोणी तिसऱ्या हिश्श्यात देत असेल, तर मला एकच प्रश्न पडतो: शुल्क कोणी भरलं? खरा माल टेबलाखालच्या खोक्यात असतो. वापरलेला, बिनडब्याचा. ‘भाऊ, खालचा खोका पाहू का?’ एवढं विचारा.

नकली ओळखायला ‘मेड इन चायना’ वाचून काही कळत नाही. हासब्रो आणि बंदाई या मोठ्या खेळणी कंपन्यांचाही कितीतरी अस्सल माल तिथेच बनतो. चेहरा बघा. मी 900 रुपयांना घेतलेला गोकू (‘ड्रॅगन बॉल’चा नायक) घरी ट्यूबलाइटखाली धरला, तर गालावर तेल लावल्यासारखा चमकत होता. अस्सल फिगरची कातडी सहसा अशी चकाकत नाही. टॉर्च मारून डोळ्यांची कड पाहा, रंग ओघळलेला नको. तळपाय किंवा पाठीवरची कॉपीराइटची बारीक अक्षरं सुबक हवीत. रॉकेलसारखा वास आला की खाली ठेवा.

आता सांधे. इथे मी सगळ्यात जास्त पैसे घालवलेत.

नागपुरात वापरलेली फिगर म्हणजे माळ्यावर चार-पाच मे महिने काढलेली फिगर. 45 अंशांत पीव्हीसी, म्हणजे फिगरचं प्लास्टिक, मऊ पडतं, आणि आधी घोटे वाकतात. टेबलावर उभी करा, आपला हात काढा, तीसपर्यंत मोजा. पुढे झुकली तर घेऊ नका. ‘गरम पाण्यात धरलं की सरळ होते’ म्हणतात. होते, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत झुकते. अंग चिकट लागलं तर मात्र घाबरायचं कारण नाही. प्लास्टिकमधला तेलकट घटक बाहेर आलेला असतो, भांड्यांच्या साबणाने जातो. विक्रेत्याला हे माहीत नसेल, तर तुम्हीही सांगू नका.

उलट डिसेंबरात प्लास्टिक कडक असतं. थंडीच्या सकाळी मी एका वूल्व्हरिनचं (‘एक्स-मेन’मधला नख्यांवाला) कोपर ‘चालतंय का’ म्हणून फिरवलं आणि कटकन आतली खुंटी तुटली. पूर्ण पैसे द्यावे लागले, तेही स्टॉलवाल्याचं ‘काऊन तोडलं बाप्पा?’ ऐकत. अडलेला सांधा जोर लावून फिरवू नका. दोन मिनिटं मुठीत धरा, नाहीतर चहावाल्याकडून कपभर गरम पाणी मागा आणि सांधा त्यात बुडवा. आधी विक्रेत्याला विचारा, एवढं कळायला मला एक वूल्व्हरिन लागला. सांध्याजवळ पांढरी रेघ दिसली तर ती तड्याची सुरुवात आहे. हातही लावू नका.

हे सगळं झालं की भाव. तीन-चार एकत्र उचला, ‘ह्या मिळून किती?’ विचारा, आपला एक आकडा सांगा आणि गप्प बसा.

घरी कोमट पाण्याने धुवा, सुकवा, घराच्या आतल्या भिंतीवरच्या शेल्फवर ठेवा. माळ्यावर नाही.