अबटमेंट डिझाइन: आधी दात, मग अबटमेंट

डेंटल लॅबमधली नवीन मुलं एक्झोकॅडमध्ये, म्हणजे दात डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फाइल उघडतात आणि थेट अबटमेंट ओढायला बसतात. अबटमेंट म्हणजे हाडात बसवलेला इम्प्लांट आणि वरचा क्राउन (कृत्रिम दात) यांना जोडणारा तुकडा. घोळ तिथूनच सुरू होतो. ३६ नंबरची, म्हणजे खालच्या पहिल्या दाढेची केस घ्या. आधी पूर्ण दात बसवा, समोरच्या दाताशी चावा जुळवा, आणि मग त्या दाताच्या पोटात अबटमेंट किती मावतं ते बघा.

त्याही आधी लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरमधला कंपन्यांच्या भागांच्या मॉडेलांचा संच. ऑर्डर भरताना इम्प्लांटची कंपनी, प्लॅटफॉर्म (इम्प्लांटच्या जोडाचं माप) आणि स्कॅन बॉडी (इम्प्लांटची जागा स्कॅनमध्ये टिपायला त्यावर लावतात तो तुकडा), तिन्ही तंतोतंत हवीत. मॅचिंगनंतर स्कॅन आणि लायब्ररीचं मॉडेल यांचे रंग एकमेकांत चट्ट्यापट्ट्यांनी मिसळलेले दिसले की जुळणी बरी. पण यात एक फसगत आहे. स्कॅन बॉडी तोंडात पूर्ण बसली नसेल, खाली हिरडी अडकली असेल, तरी सॉफ्टवेअर निमूट जुळवून दाखवतं. चुकते ती इम्प्लांटची खोली. म्हणून डॉक्टरांकडून एक्स-रे मागवा. लाजू नका.

मार्जिन, म्हणजे क्राउनची कड अबटमेंटवर टेकते ती रेषा, गालाकडे हिरडीच्या ०.५ ते १ मिमी खाली, जिभेकडे हिरडीच्या पातळीला. त्याहून खोल नेलं तर सिमेंट आत राहतं, काढता येत नाही, आणि पुढे हिरडी सुजून हाड झिजायला लागतं. इम्प्लांटलगत आकार आत घेतलेला, मार्जिनकडे हळूहळू फुगणारा ठेवा. सुरुवातीपासूनच फुगवला तर बसवताना हिरडी पांढरी पडते. दहा-पंधरा मिनिटांत रंग परतला नाही, तर आकार कमी करूनच द्यावा लागतो.

मार्जिनच्या वर किमान ४ मिमी उंची, भिंतींचा एकूण उतार साधारण ६ अंश, वर झिर्कोनियाच्या (पांढऱ्या, कणखर सिरॅमिकच्या) क्राउनला १.५ मिमी जागा. उंची मिळत नसेल तर सिमेंटचा हट्ट सोडा, टाय-बेसवर, म्हणजे टायटॅनियमच्या तयार बेसवर, स्क्रूने बसणारा क्राउन करा. तिथे स्क्रूच्या भोकाभोवती झिर्कोनिया ०.५ मिमीपेक्षा पातळ झाला की तडा जातो.

एकट्या दाताला लॉक असलेलाच, म्हणजे इम्प्लांटच्या खाचेत अडकणारा, बेस घ्या, नाहीतर क्राउन फिरतो. ब्रिजला (एकत्र जोडलेल्या दातांना) उलट: इम्प्लांट समांतर नसले तर लॉकवाले बेस एकत्र बसतच नाहीत.

आणि मॉडेलवर वापरून घासलेला स्क्रू तोंडासाठी पाठवू नका. सोबत नवा द्या, कंपनीचा टॉर्क (स्क्रू किती जोराने आवळायचा ते) पाकिटावर लिहून.