ग्रीक साम्राज्य पुन्हा उभं राहिलं असतं तर? असा पर्यायी इतिहास कसा लिहावा

पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा प्रश्न मराठी घरांत कधी ना कधी निघतोच. ग्रीकांच्या मनात तसा प्रश्न कॉन्स्टँटिनोपलचा आहे. २९ मे १४५३ रोजी ते शहर, म्हणजे आजचं इस्तंबूल, ऑटोमन तुर्कांचा सुलतान दुसरा मेहमेद याने जिंकलं आणि ग्रीकमध्ये कारभार करणारं बायझंटाइन साम्राज्य संपलं. ते पुन्हा उभं राहतं अशी कथा लिहायची असेल, तर पुढच्या क्रमाने जा.

कलाटणीचा क्षण निवडा

बहुतेक जण १४५३ पासून सुरुवात करतात. तो मोह टाळा. तोवर साम्राज्याकडे राजधानी, तिच्या आसपासचा थोडा मुलूख आणि दक्षिण ग्रीसमधला मोरिया एवढंच उरलं होतं. तो वेढा उठला असता, तरी पुढचा बसलाच असता.

१७८२ चा मुहूर्त बरा आहे. रशियाच्या कॅथरीनने ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफला पत्र लिहून ग्रीक साम्राज्य पुन्हा स्थापण्याची योजना मांडली. गादीवर बसवायच्या नातवाचं नावही तिने कॉन्स्टंटाइन ठेवलं होतं. पण यातून रशियाच्या तालावर चालणारं राज्य उभं राहील.

माझ्या मते सर्वांत कसदार काळ १९१९ ते १९२२. मे १९१९मध्ये ग्रीक सैन्य स्मर्नाला, म्हणजे आजच्या इझमिरला, उतरलं. पहिल्या महायुद्धात हरलेल्या ऑटोमन साम्राज्याशी दोस्त राष्ट्रांनी १० ऑगस्ट १९२०ला केलेल्या सेव्र तहाने पूर्व थ्रेस, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पश्चिमेचा मुलूख, ग्रीसला मिळाला आणि स्मर्नाचा कारभार पाच वर्षांसाठी ग्रीकांकडे आला. कॉन्स्टँटिनोपल मात्र सुलतानाकडेच राहिलं. हे विसरलात, तर कथा पहिल्याच पानावर कोसळेल.

एकच गोष्ट बदला

ऑक्टोबर १९२०च्या सुरुवातीला ग्रीसचा तरुण राजा अलेक्झांडर आपला कुत्रा आणि एक पाळीव माकड यांची झटापट सोडवायला गेला. माकड त्याला चावलं, जखम चिघळली. पाय कापायचा विचार झाला, पण ती जबाबदारी घ्यायला कोणी पुढे येईना. २५ ऑक्टोबरला राजा गेला. त्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक त्याच्या पदच्युत वडिलांना परत आणायचं की नाही, या प्रश्नावर फिरली. पंतप्रधान व्हेनिझेलोस हरले, जुना राजा परतला, दोस्त राष्ट्रांनी कर्ज रोखलं आणि फौजेतले अनेक अनुभवी अधिकारी बाजूला सारले गेले.

आता एका डॉक्टरने वेळेवर पाय कापला, एवढंच बदला. त्याच पानावर अंकाराहून ग्रीकांशी लढणाऱ्या तुर्की राष्ट्रवाद्यांच्या नेत्याला, मुस्तफा केमालला, आजारी पाडू नका किंवा फ्रान्सचं मन वळवू नका. दुसरा चमत्कार आला की वाचकाचा विश्वास उडतो.

जे बदलत नाही, त्याचा हिशोब मांडा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. राजा वाचला तरी लोक १९१२ पासूनच्या युद्धांना कंटाळलेलेच आहेत. व्हेनिझेलोस तरीही हरू शकतात. स्मर्ना ते अंकारा अंतर ५०० किलोमीटरच्या वर आहे. १९२१मध्ये साकार्या नदीवर ग्रीक सैन्य बावीस दिवस लढून मागे फिरलं, त्यात रसद मागे पडण्याचा मोठा वाटा होता. कर्ज मिळालं म्हणून अनातोलियाचं, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातलं, पठार लहान होत नाही. अंकाराला सोव्हिएत मदतही मिळतच राहणार.

म्हणून तुमच्या सेनापतीला अंकाराकडे पाठवू नका. त्याला किनाऱ्यालगतची, राखता येईल अशी सीमा धरू द्या. कॉन्स्टँटिनोपलची संधी नंतर शोधा. जुलै १९२२मध्ये ग्रीसने काही फौज थ्रेसमध्ये नेऊन शहरावर चाल करायची तयारी केली होती. दोस्तांनी अडवल्यावर थांबावं लागलं.

प्रजा कोण, ते ठरवा

ग्रीक बोलणारं साम्राज्य म्हणणं सोपं आहे. मध्य अनातोलियातल्या कप्पाडोकियातले करामानली ख्रिस्ती तुर्की बोलत आणि ती ग्रीक लिपीत लिहीत. क्रीटमधले बरेच मुसलमान ग्रीक बोलत. १९२३च्या लोकसंख्या अदलाबदलीत धर्म पाहिला गेला, भाषा नाही. त्यामुळे करामानली ग्रीसला गेले आणि क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात. सुमारे बारा लाख ख्रिस्ती आणि साडेतीन-चार लाख मुसलमान यांत उखडले गेले. तुमच्या इतिहासात ही माणसं आपापल्या गावीच आहेत. त्यांच्याशी सरकार कसं वागतं, यावर मला सगळ्या कादंबरीचं मोल ठरतं असं वाटतं.

शाळेत कोणती ग्रीक शिकवणार, जुन्या वळणाची की बोलीभाषेतली, हाही प्रश्न आहेच. बायबलमधल्या शुभवर्तमानाचं बोलीभाषेतलं भाषांतर छापलं म्हणून १९०१मध्ये अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं मेली होती. आणि मूळच्या बायझंटाइन चर्चचं, तेव्हा मशीद असलेल्या हागिया सोफियाचं काय करायचं, याचं उत्तर देणं लेखकाला चुकणार नाही.

दूरचे पडसाद ऐका

सेव्र तहाविरुद्ध हिंदुस्थानात खिलाफत चळवळ पेटली होती आणि तिची मध्यवर्ती समिती मुंबईत होती. तहात बदल करा अशी हिंदुस्थान सरकारची तार मंत्रिमंडळाला न विचारता प्रसिद्ध केली, म्हणून भारतमंत्री माँटेग्यूंना मार्च १९२२मध्ये राजीनामा द्यावा लागला. ऑटोमन सुलतानच खलिफा होता, आणि तुमच्या कथेत त्याची राजधानीच जाते. मग मुंबईतल्या सभा आणि असहकाराचं पुढचं वर्ष नव्याने लिहावं लागेल.

तारखांचा तक्ता करा

एका रकान्यात खरी घटना, शेजारी तुमची. ग्रीस १९२३पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना वापरत होता, तेरा दिवसांनी मागे. त्यामुळे व्हेनिझेलोसांच्या पराभवाची तारीख कुठे १ नोव्हेंबर १९२०, तर कुठे १४ नोव्हेंबर दिसेल. तक्त्यात दोन्ही तारखा लिहा, आणि कथेत एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा.