गहू वर्ज्य असताना खाण्याची तलफ कशी भागवावी

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दादर स्थानकाच्या पश्चिमेला उतरले की पुलाच्या पायऱ्या संपण्याआधीच वड्याच्या तळणीचा वास येतो. त्या वासात तापलेले तेल असते, लसणीची सुकी चटणी असते, मिठात घोळवलेल्या मिरच्या असतात आणि दिवसभराच्या कामानंतरची भूकही असते. माझ्या सिलिअ‍ॅक आजाराचे, म्हणजे गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराचे, निदान होऊन नऊ वर्षे झाली, तरी त्या पायऱ्यांवर पाऊल अजूनही किंचित मंदावते. या नऊ वर्षांत एक गोष्ट मला अनुभवाने पटली आहे. तलफ ज्या पदार्थाच्या नावाने येते, त्या पदार्थातील गव्हाची ती क्वचितच असते. त्यातील तिखट, कुरकुरीत, मऊ, आंबट किंवा गरम असे काहीतरी जीभ मागत असते. ते नेमके कोणते, हे ओळखता आले की निम्मे काम होते.

पुढील सूचना ज्यांना वैद्यकीय कारणासाठी गहू, जव आणि राय ही धान्ये कायमची सोडावी लागली आहेत, त्यांच्यासाठी आहेत. ज्यांची तपासणी अजून व्हायची आहे त्यांनी आपल्या मनाने पोळी बंद करू नये, कारण गहू सोडल्यानंतर ज्यांवरून हा आजार ओळखतात ती रक्तातील प्रतिपिंडे (अँटीबॉडी) कमी होत जातात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. आधी तपासणी आणि मग पथ्य, हा क्रम पाळावा. पथ्य एकदा सुरू झाले की मात्र त्यात सणावाराची सवलत नसते. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना या आजारामागे गहू असावा अशी आधीपासून शंका होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील अन्नटंचाईत पाव मिळेनासा झाल्यावर आजारी मुले सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागताच ती खालावली, तेव्हा ती शंका पक्की झाली. आपल्याकडे ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापायचे असेल तर एक किलो पदार्थात ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला, की ‘एक घास खाल्ला तर काय होते’ या आग्रहाला उत्तर देणे सोपे जाते.

तलफ आली की प्रथम स्वतःला विचारावे, की शेवटचे खाणे होऊन किती तास झाले. विरारहून किंवा डोंबिवलीहून रोज ये-जा करणाऱ्याचे दुपारचे जेवण एक वाजता होते आणि घरी पोहोचायला आठ वाजतात. या सात तासांत जे होते ते भूक असते, आणि भुकेल्या माणसाला स्थानकाबाहेरची प्रत्येक गाडी अडवते. म्हणून कार्यालयातून निघण्यापूर्वी, पाच-साडेपाचच्या सुमारास, काहीतरी भरीव खाऊन घ्यावे: मूठभर भाजलेले शेंगदाणे व गुळाचा खडा, राजगिऱ्याचा लाडू, केळे, उकडलेले अंडे, डब्यात उरवलेली मटकीची उसळ. माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात राजगिऱ्याची चिक्की कायम असते. ती खाण्यापेक्षा ती तिथे आहे या भरवशाचाच मला अधिक उपयोग झाला आहे.

दुपारच्या डब्यातही डाळ, उसळ, दही किंवा मासे यांपैकी काहीतरी पुरेसे असावे. पोळी गेली म्हणून तिच्या जागी नुसता भात वाढवला, की चार वाजता पुन्हा पोट कुरकुरते. दुकानातील ग्लुटेनमुक्त बिस्किटे आणि केक अडीनडीला ठीक आहेत. पण त्यांत बहुधा पिष्ट (स्टार्च) आणि साखर जास्त व चोथा कमी असतो, शिवाय ती महाग पडतात, म्हणून त्यांच्यावर रोजची भिस्त ठेवू नये.

एका तलफेकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. कच्चे तांदूळ, माती, खडू किंवा बर्फ खाण्याची इच्छा वारंवार होत असेल, तर ते शरीरातील लोह कमी झाल्याचे लक्षण असू शकते, आणि सिलिअ‍ॅकमध्ये आतड्यातून लोह नीट शोषले जात नसल्याने ही कमतरता पुष्कळदा आढळते. अशा वेळी संकोच न करता डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन व फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप) तपासून घ्यावे.

आता वडापावाकडे वळू, कारण मुंबईत हे पथ्य पाळणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच असते. वडा हा मुळात पावाशिवायचा पदार्थ आहे. बटाट्याची भाजी, बेसन आणि तेल यांत गहू नाही. गाडीवरचा वडा तरीही खाता येत नाही, कारण तो ज्या हाताने उचलतात त्याच हाताला पावाचा चुरा लागलेला असतो, कढईत कधी ब्रेडची भजीही तळलेली असतात आणि भाजीतील हिंगात गव्हाचे पीठ नसल्याची खात्री नसते. म्हणून वडा घरी करावा, आणि पावाची जागा इडलीच्या पिठाला द्यावी. घरी वाटलेले उडीद-तांदळाचे आंबलेले पीठ सपाट बुडाच्या, तेल लावलेल्या वाटीत अर्ध्यापर्यंत ओतून पंधरा मिनिटे वाफवले, की पावाएवढा जाड व मऊ गोल निघतो. तो पूर्ण निवू द्यावा, कारण गरम असताना सुरी लावली तर तुटतो. मग आडवा चिरून कापलेली बाजू लोण्यावर तांबूस होईपर्यंत तव्यावर शेकावी. आत हिरवी चटणी लावावी, वर सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली लाल चटणी सढळ हाताने पसरावी, वडा ठेवून हाताने दाबावा आणि तळलेली मिरची बाजूला घ्यावी. हा पाव आहे असा दावा मी करणार नाही; त्याला इडलीचा आंबूसपणा असतोच. परंतु पहिल्या घासाला चटणीचा ठसका टाळूला लागला, की जीभ ज्यासाठी अडली होती ते तिला मिळालेले असते.

हाच विचार इतर पदार्थांनाही लावता येतो. इराण्याच्या हॉटेलातील ब्रून-मस्का आठवतो तेव्हा हवा असतो कडक पापुद्रा, खारट लोणी आणि चहात बुडवल्यावर येणारा ओलावा. तांदळाची शिळी भाकरी मंद आचेवर खडखडीत होईपर्यंत भाजून तिला लोणी लावले, तर या तिन्ही गोष्टी मिळतात. पाणीपुरीची पुरी रव्याची असते, पण ओढ बहुतेक पाण्याची असते. घरी केलेले पुदिन्याचे पाणी, चिंचेची चटणी, उकडलेले मूग आणि बटाटा एका वाडग्यात घेऊन वर कुरमुरे टाकावेत आणि ते मऊ पडायच्या आत खावे. तळलेल्या बोंबलाला रव्याऐवजी तांदळाचे पीठ लावले तर तो अधिक कुरकुरीत होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोळीचा प्रश्न याहून नाजूक आहे. पोळीची तलफ एकदम उसळत नाही. ती रोज रात्री भाजी वाढून झाल्यावर ताटात काहीतरी उणे आहे अशा रूपाने येते. देशावरून आलेल्या घरांत भाकरीची सवय असल्याने हा बदल सोपा जातो, परंतु तीन पिढ्या मुंबईत राहिलेल्या घरांत भाकरी थापण्याचा हात बहुधा गेलेला असतो. अशांनी उकडीची भाकरी शिकावी. एक वाटी पाण्यात चवीपुरते मीठ घालून उकळी आणावी, आच बंद करून एक वाटी ज्वारीचे बारीक पीठ एकदम घालावे, उलथन्याच्या टोकाने ढवळून दहा मिनिटे झाकून ठेवावे. नंतर हात पाण्यात बुडवत, चटका सोसेल इतके गरम असतानाच, पीठ मळायला घ्यावे. सुरुवातीला ते भरड लागते. तळहाताच्या टाचेने पाच-सात मिनिटे रगडले, की कडांना भेगा पडणे थांबते आणि गोळा लोण्यासारखा गुळगुळीत होतो. भेगा थांबल्या हीच खूण. आता तो कोरड्या पिठावर पोळीसारखा पातळ लाटता येतो, गॅसवर टम्म फुगतो आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहतो. हात अजून बसला नसेल तर वाटीभर पिठाला चमचाभर इसबगोल घालावे, म्हणजे ग्लुटेनची चिकटण्याची उणीव थोडी भरून निघते.

या साऱ्यासाठी पीठ शुद्ध हवे, आणि इथे पुष्कळांची फसगत होते. नाक्यावरच्या गिरणीत आपल्या आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात, आणि जात्याच्या दगडांत व कापडी नळीत राहिलेले ते पीठ आपल्या ज्वारीत उतरते. आधी मूठभर तांदूळ फिरवून घेतल्याने समाधान होते, सुरक्षितता येत नाही. शक्य असल्यास घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही घालू नये. शक्य नसल्यास ग्लुटेनमुक्त असे छापलेले पीठ घ्यावे. धान्य दळण्यापूर्वी ताटात पसरून निवडावे, कारण बाजारच्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात. लाकडी पोळपाट-लाटणे आणि पिठाची चाळण वेगळी ठेवावी. बाजारातील बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणून तांदळाच्या पिठावर बांधलेले हिंग वेष्टन वाचून घ्यावे. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, त्यामुळे चायनीज भेळ बाद होते. मुलांच्या दुधात घालायच्या माल्टयुक्त पावडरीत आणि अनेक कॉर्नफ्लेक्समध्ये जवाचा अंश असतो.

बाहेर खाण्याची वेळ आलीच, तर दादर-गिरगावातील मराठी उपाहारगृहांत उपासाचे पदार्थ पाहावेत. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ व दाण्याची आमटी, पीयूष, कोकम सरबत यांत गव्हाला जागा नाही. साबुदाणा वडा मागवताना उपासाचे तळण वेगळ्या कढईत होते का, हे जरूर विचारावे. ‘ग्लुटेन’ हा शब्द वाढप्याला अपरिचित असू शकतो; ‘मला गहू, मैदा, रवा यांचा कणही चालत नाही, आजारी पडेन’ असे सांगितले की तो आत जाऊन विचारून येतो.

नातेवाइकांचा आग्रह याहून अवघड असतो, कारण त्यात माया असते. एका काकूंनी माझ्यासाठी खास थालीपीठ केले होते. पोळी नाही, मग चालेल, असे त्यांना मनापासून वाटले होते. भाजणीत गहू भाजून घातलेले होते, हे मला चार घास खाल्ल्यावर कळले. त्या रात्री पोट दुखले, पण त्याहून मोठा धोका दुसऱ्या दिवशी होता: पथ्य मोडलेच आहे, तर आज पावही खाऊन घ्यावा, असे मन सांगू लागले. हा विचार ओळखून तिथेच थांबवावा. आतड्यांच्या अस्तराला भरून यायला महिने, कधी वर्षेही लागतात, आणि काहीही दुखत नसले तरी इजा होत असू शकते. चूक झाली तर भरपूर पाणी प्यावे, मऊ भात व ताक असे साधे खावे आणि पुढचे जेवण नेहमीच्या पथ्याचे घ्यावे. काकूंना मी नंतर ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ आणि उडीद यांची भाजणी स्वतः नेऊन दिली. आता त्या तो डबा वेगळा ठेवतात.

सणांची धास्ती वाटते, पण आपल्या फराळात जितके वाटते तितके वर्ज्य नाही. पातळ पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू, शेव, अनारसे आणि गव्हाशिवायच्या भाजणीची चकली हे सर्व घरच्या वेगळ्या तेलात केले तर खाता येते. करंजी, शंकरपाळी, चिरोटे आणि रव्याचे लाडू तेवढे सोडावे लागतात. गणपतीत उकडीचे मोदक आपलेच आहेत. आमरसाबरोबर पुरीऐवजी तांदळाचे घावन ही कोकणातील जुनी जोडी आहे.

होळीच्या पुरणपोळीचे मात्र मला पहिली तीन वर्षे फार वाईट वाटत असे, आणि वाटीभर पुरण दुधात कालवून खाल्ल्यानेही ते पुरे जात नसे. आता मी मोदकासाठी करतात तशी तांदळाची उकड काढते, तिच्या पारीत वेलची-जायफळ घातलेले पुरण भरते, कडा दुमडून चपटे गोळे करते आणि हळदीच्या किंवा केळीच्या पानावर दहा-बारा मिनिटे वाफवते. पान सोलताना सुटणारी वाफ, वर ओतलेले तूप आणि शेजारी कटाची आमटी, असे ताट वाढले की घरातील गहू खाणारी माणसेही आपली पोळी ठेवून त्यातील एक मागतात. कटाच्या आमटीची फोडणी मात्र त्या दिवशी आपण स्वतः करावी आणि त्यात आपल्याच डबीतले हिंग घालावे.