वीज कंपनीची कामकाजातली रोख वाचताना या चुका टाळा

गुजरात वीज बोर्डाची विभागणी होऊन १ एप्रिल २००५ पासून वेगवेगळ्या कंपन्या कामाला लागल्या. मुख्य कंपनी गुजरात ऊर्जा विकास निगम आणि मध्य गुजरातची वितरण कंपनी, दोन्ही बडोद्यातच आहेत. दोन्हींचे वार्षिक अहवाल पाहायला मिळतात आणि रोख प्रवाह पत्रक वाचण्याच्या सरावाला ते उत्तम आहेत. आधी पानाच्या कोपऱ्यात आकडे लाखांत आहेत की कोटींत हे पाहा. तिथे चूक झाली तर पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

शेवटची ओळ पाहून थांबणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ‘कामकाजातून आलेली निव्वळ रोख’ मोठी दिसली की कंपनी ठणठणीत आहे असं समजलं जातं. पण वीज कंपनीत ही ओळ फुगवण्याचा सोपा मार्ग म्हणजे वीजखरेदीची बिलं थकवणे. न दिलेले पैसे या पत्रकात आलेल्या पैशांसारखेच दिसतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. करपूर्व नफा १५० कोटी, त्यात घसारा ४२० आणि व्याजखर्च ३८० परत मिळवा. यंत्रणा उभारण्यासाठी आधी मिळालेल्या अनुदानातून उत्पन्नात वळवलेले ६० कोटी रोख नसतात, म्हणून ते वजा. झाले ८९०. येणी ३१० ने वाढली (वजा), वीजखरेदीची देणी ५२० ने वाढली (अधिक), ग्राहकांच्या अनामत ठेवी ७० ने वाढल्या (अधिक), कर ४० भरला (वजा). निव्वळ रोख ११३० कोटी.

आता देणी दिवसांत मोजा: वर्षअखेरची देणी भागिले वर्षाची वीजखरेदी, गुणिले ३६५. आधीच्या वर्षी देणी ९०० आणि खरेदी ५४७५ कोटी होती, म्हणजे ६० दिवस. यंदा देणी १४२० आणि खरेदी ५८४० कोटी, म्हणजे जवळपास ८९ दिवस. खरेदी वाढली की देणी थोडी वाढणारच. ६० दिवसांच्या हिशेबाने ती ९६० झाली असती. उरलेले ४६० कोटी ही निव्वळ थकबाकी, ती वजा करा. अनामत ठेव ग्राहकाला परत द्यायची असते, म्हणून ते ७० कोटीही वजा करा. राहिले ६००.

हे ८९ दिवस हलक्यात घेऊ नका. विलंब अधिभाराच्या २०२२ च्या नियमांनुसार मुदतीनंतर एक महिना किंवा बिल मिळाल्यापासून अडीच महिने, यांत जे नंतर येईल ते उलटलं, तर वितरण कंपनीच्या वीजपुरवठ्यावरच टप्प्याटप्प्याने बंधनं येतात. आणि उशिराच्या देण्यावर अधिभार चढत जातो तो वेगळाच.

व्याज विसरणे

भारतीय लेखामानक इंड एएस ७ प्रमाणे अशा कंपनीने भरलेलं व्याज वित्तपुरवठ्याच्या भागात जातं, कामकाजाच्या नाही. वीज कंपन्या कर्जाच्या ओझ्याखाली असतात, म्हणून इथे ही बाब निर्णायक ठरते. वरच्या ६०० मधून ३८० व्याज गेलं की हातात २२०. वर्षभरात उपकेंद्रं, रोहित्रं, वाहिन्या यांवर ७०० कोटी लागले आणि त्यातले २५० अनुदानातून व ग्राहकांच्या वर्गणीतून आले, तरी ४५० स्वतःचे घालायचे आहेत. २३० कोटींची तूट, आणि मुद्दल फेडणं अजून बाकीच. ११३० पासून इथपर्यंत यायला चार वजाबाक्या पुरल्या.

बांधकामासाठीचं हे अनुदान आणि वर्गणी कोणत्या भागात दाखवली आहे हेही टिपांमध्ये तपासा. ती कामकाजात मिसळली असेल तर आधी बाहेर काढा.

घसरण दिसली की घाबरणे

उलटी चूकही तितकीच होते. मे २०२० मध्ये केंद्राने पीएफसी आणि आरईसी या वीजक्षेत्राला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपन्यांमार्फत वितरण कंपन्यांसाठी ९० हजार कोटींच्या कर्जाची घोषणा केली, जुनी देणी फेडण्यासाठी. ज्या कंपनीने ते घेतलं, तिची देणी एकदम घटली, म्हणून कामकाजातली रोख कोसळली आणि कर्ज वाढलं. तिच्या धंद्यात त्या वर्षी फारसं काही बिघडलेलं नसू शकतं. फक्त थकबाकीचं रूपांतर कर्जात झालं. म्हणून एका वर्षाचा आकडा कधीच घेऊ नका, किमान पाच वर्षांची बेरीज करा.

३१ मार्चवर विश्वास ठेवणे

शेतीपंपांच्या सवलतीपोटी राज्य सरकार अनुदान देतं. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार ते आगाऊ मिळायला हवं. उशीर झाला तर ते उत्पन्नात जमा दिसतं आणि येण्यांत अडकून राहतं. मार्चअखेरीस मोठा हप्ता आला की वर्ष सुंदर दिसतं. येण्यांच्या टिपेत सरकारकडची बाकी आणि ग्राहकांकडची बाकी वेगळी करून पाहा. पहिली उशिरा का होईना येते, पण दुसरीतली तीन वर्षांहून जुनी रक्कम बहुधा बुडीतच धरावी. सूचीबद्ध कंपनी असेल तर सप्टेंबरचंही पत्रक मिळतं, कारण सेबीच्या नियमाने ते सहामाही द्यावं लागतं. जून किंवा डिसेंबरच्या निकालात ते शोधत बसू नका.

एकटीच कंपनी वाचणे

गुजरातमध्ये निगम वीज घेतो आणि चार वितरण कंपन्यांना घाऊक दराने विकतो. हा दर प्रत्येकीला वेगळा असतो. त्यामुळे मध्य गुजरात कंपनीची वीजखरेदीची देणी मुख्यतः आपल्याच मुख्य कंपनीला असतात, आणि तिचा नफा काही अंशी त्या दरावर ठरतो. तिथे ८९ दिवस दिसले तर बाहेरच्या वीजनिर्मात्याची थकबाकी समजू नका. निगमचं एकत्रित पत्रक उघडा. आपसातली देणीघेणी तिथे वजा झालेली असतात, आणि बाहेरच्यांना किती देणं राहिलंय ते तिथेच कळतं.